कर्करोग-संशोधनाच्या टपाल तिकिटाची मुदत संपू देऊ नका
उत्तर अमेरिकेतल्या मराठी मंडळींना आग्रहाचं आवाहन



अमेरिकेच्या पोस्टात मिळणारं एक तिकीट ३१ डिसेंबर २०२७ नंतर मिळणार नाही. कायद्यात तशी तारीखच घातली आहे. काँग्रेसने त्याआधी मुदत वाढवली तर ते पुढे चालेल. नाही वाढवली तर नव्या वर्षात क्लार्क काउंटरखालच्या खणातून उरलेली पानं काढून परत पाठवेल, आणि विषय संपेल. कोणी मोर्चा काढणार नाही. बातमी आलीच तर चार ओळींची येईल. म्हणून हे आवाहन आताच करतो आहे, आणि ते जरा लांब आहे. या तिकिटामागचे नियम नीट समजल्याशिवाय आपल्यापैकी कोणी फोन उचलणार नाही, एवढी आपली माणसं मी ओळखतो.

तिकीट आहे स्तनाच्या कर्करोगावरच्या संशोधनासाठीचं. २९ जुलै १९९८ ला ते विक्रीला आलं. साधं पत्र पाठवायला तेव्हा ३२ सेंट पडायचे, हे तिकीट ४० सेंटांना होतं. वरचे ८ सेंट संशोधनाला. कल्पना कॅलिफोर्नियातल्या सॅक्रमेंटोच्या एका शल्यविशारदाची, डॉ. एर्नी बोडाई यांची. रोज शस्त्रक्रिया करणाऱ्या या माणसाने वॉशिंग्टनच्या खेपा घातल्या, खासदारांच्या दारात उभा राहिला आणि सिनेटर डायॅन फाइनस्टाइन यांच्यासारखी चिवट बाई त्याला पाठीराखी मिळाली. ऑगस्ट १९९७ मध्ये कायदा झाला. पोस्टाला हे फारसं पसंत नव्हतं. टपाल पोचवणं हे आपलं काम, वर्गणी गोळा करणं नव्हे, अशी त्या खात्याची जुनी भूमिका. तोवर अमेरिकेने असं जादा किमतीचं तिकीट कधी काढलंच नव्हतं.

तिकीट तुम्ही पाहिलं नसेल तर एकदा हातात घेऊन बघा. त्याची आखणी एथेल केसलर यांची, आणि त्या स्वतः या आजारातून गेलेल्या. व्हिटनी शर्मन यांनी काढलेलं चित्र शिकारीच्या देवीचं आहे. देवीने एक हात डोक्यामागे भात्याकडे नेला आहे, बाण काढायला. आपल्या बायकांनी डॉक्टरकडे किंवा घरी आरशासमोर स्तन तपासताना हात असाच वर न्यायचा असतो. एवढ्याशा कागदावर इतका नेमका विचार क्वचित दिसतो.

आता नियमांकडे येतो, कारण माझं सगळं म्हणणं त्या नियमांवर उभं आहे.

पहिली गोष्ट, हे तिकीट ऐच्छिक आहे. कायद्यातच तसं लिहिलं आहे. कोणावर सक्ती नाही, साध्या तिकिटाला पर्याय म्हणून ते ठेवायचं. १९७१ सालचं भारतातलं तिकीट आठवणारे वाचक आपल्यात आहेत. बांगलादेशातून निर्वासितांचे लोंढे आले, तेव्हा नोव्हेंबरपासून प्रत्येक पत्रावर ५ पैशांचं जादा तिकीट लावावं लागायचं. सुरुवातीला तर कुटुंब नियोजनाच्या ५ पैशांच्या तिकिटावरच निर्वासित मदतीचा छाप मारून ते चालवलं. तो कर होता आणि त्या वेळी तो योग्यही होता. अमेरिकेतलं हे तिकीट कर नाही. न घेणाऱ्याचं पत्रही तितक्याच वेळात पोचतं.

दुसरी गोष्ट, पैशाची वाटणी कायद्यानेच ठरवून दिली आहे. पोस्टाने आपला वाजवी खर्च वजा करायचा आणि उरलेल्यातले ७० टक्के राष्ट्रीय आरोग्य संस्थांना, म्हणजे एनआयएचला, आणि ३० टक्के संरक्षण खात्याच्या वैद्यकीय संशोधन कार्यक्रमाला द्यायचे. पैसे वर्षातून किमान दोनदा चुकते व्हायला हवेत. ‘वाजवी खर्च’ म्हटलं की आपल्या भुवया वर जातात, आणि त्या जाव्यातच. पण इथेही मर्यादा आहे. कुठलंही स्मरण-तिकीट काढताना छपाई, वाहतूक, विक्री असा जो खर्च पोस्टाला एरवीही आलाच असता, तो टपालाच्या मूळ किमतीतून भागतो. केवळ हे तिकीट वेगळं आहे म्हणून जो जादा खर्च येतो, तेवढाच वर्गणीतून कापला जातो.

संरक्षण खात्याचं नाव ऐकून काही जण बिचकतात. आपण लष्कराला कशाला पैसे द्यायचे, हा प्रश्न मला एका गणेशोत्सवात प्रसादाच्या रांगेत विचारला गेला आहे. झालं असं, की १९९२ च्या सुमारास रुग्ण बायकांच्या संघटनांनी जोर लावला आणि या रोगावरच्या संशोधनासाठी संरक्षण खात्याच्या अंदाजपत्रकातून मोठी रक्कम मिळवली. तिथून हा कार्यक्रम सुरू झाला. त्याची एक रीत मला फार मोलाची वाटते. कुठल्या प्रकल्पाला पैसे द्यायचे हे ठरवणाऱ्या समितीत शास्त्रज्ञांच्या बरोबरीने या आजारातून गेलेल्या बायका बसतात. त्यांना नुसतं शोभेला बसवत नाहीत, त्यांच्या गुणांकनाची मोजदाद होते. तेव्हा तोफा-बंदुकांची भीती मनातून काढून टाका.

तिसरा नियम माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा, आणि त्याबद्दल बोलतं मात्र कोणीच नाही. तिकिटातून आलेल्या पैशामुळे त्या संस्थांना मिळणारा सरकारी निधी कमी होता कामा नये, प्रत्यक्षपणे नाही आणि आडवळणानेही नाही, असं कायदा बजावतो. हे का लागतं ते आपल्याला वेगळं सांगायला नको. गावातल्या शाळेला माजी विद्यार्थ्यांनी दोन वर्गखोल्या बांधून दिल्या की पुढच्या वर्षी जिल्हा परिषद म्हणते, तुमचं भागतंय की, मग आमचं अनुदान कशाला? लोकांनी एका हाताने द्यावं आणि सरकारने दुसऱ्या हाताने काढून घ्यावं, हा खेळ सगळीकडे चालतो. या कायद्याने त्याला दार बंद केलं. तुम्ही दिलेले सेंट सरकारी पैशात भर म्हणून पडतात, त्याच्या जागी नाही. वर्गणी गोळा करणाऱ्या किती संस्था छातीवर हात ठेवून असं सांगू शकतील?

किमतीचा नियम थोडा किचकट आहे, पण रंजक आहे. मूळ कायद्यात जादा रकमेला वरची मर्यादा होती: साध्या दराच्या २५ टक्क्यांपेक्षा जास्त नको. ३२ वर ८ म्हणजे बरोबर २५ टक्के. पण झालं काय, की साधा दर वाढत गेला आणि तिकीट ४० सेंटांवरच राहिलं. १९९९ च्या जानेवारीत साधं पत्र ३३ सेंट झालं, वर्गणी उरली ७. २००१ मध्ये ३४ झालं, वर्गणी ६. लोक तेवढेच पैसे देत होते आणि संशोधनाचा वाटा मात्र दरवाढ खात होती. मार्च २००२ मध्ये तिकीट ४५ सेंटांचं केलं तेव्हा गाडी रुळावर आली. आता नियम उलटा आहे. जादा रक्कम साध्या दराच्या किमान १५ टक्के हवीच, आणि एकूण किंमत पाचाच्या पटीत यायला हवी. २०१७ चं उदाहरण घ्या. साधं पत्र ४९ सेंट. त्यावर १५ टक्के धरले तर ५६ सेंटांच्या थोडं वर जातं. पाचाच्या पटीत पुढचा आकडा ६०. म्हणजे वर्गणी ११ सेंट. हा हिशेब ज्याने बसवला त्याला माझा नमस्कार.

शेवटचा नियम अहवालाचा. सुरुवातीला पैसे कुठे गेले हे सांगण्याचं बंधन फक्त टपालाच्या बाजूने होतं, आणि संशोधनातून निघालं काय याची विचारपूस नव्हती. काँग्रेसच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २००५ च्या अहवालात यावर बोट ठेवलं. पुढे २००७ च्या मुदतवाढीत एनआयएच आणि संरक्षण खातं या दोघांनी दरवर्षी किती पैसे मिळाले, कशावर खर्च झाले आणि त्यातून काय साधलं, हे कळवायचं असं ठरलं.

आता साधलं काय, ते बघू. आजवर अशी १०० कोटींहून अधिक तिकिटं खपली आणि ९ कोटी डॉलरहून अधिक रक्कम संशोधनाला गेली. सरासरी काढा, एका पाकिटामागे आठ-नऊ सेंट. तिकीट चिकटवणाऱ्या कोणालाही तेवढ्याने फरक पडलेला नाही.

या पैशातला एक भाग टेलर-एक्स नावाच्या चाचणीकडे गेला. ती मी जरा सविस्तर सांगतो, कारण आपल्यातल्या कितीतरी घरांशी तिचा थेट संबंध आहे. स्तनाच्या कर्करोगाचा जो सर्वांत जास्त आढळणारा प्रकार आहे, त्यात गाठ संप्रेरकांना प्रतिसाद देते, हर-टू हे प्रथिन जास्त नसतं आणि काखेतल्या गाठींपर्यंत रोग पोचलेला नसतो. अशा बाईची शस्त्रक्रिया झाल्यावर पुढे काय करायचं? संप्रेरकांवरच्या गोळ्या द्यायच्याच. पण किमोथेरपीही द्यायची का? वर्षानुवर्षं डॉक्टर सावधगिरी म्हणून द्यायचे. केस गेले, तोंड आलं, पोटात अन्न ठरेना, हातापायांची बोटं बधिर, तरी ‘आपल्या भल्यासाठीच’ म्हणून बाई निमूट सोसायची. टेलर-एक्स चाचणीत १०,२७३ स्त्रिया सहभागी झाल्या. गाठीतल्या २१ जनुकांची तपासणी करून रोग उलटण्याच्या शक्यतेला गुण दिले. ज्यांचे गुण मधल्या पट्ट्यात, म्हणजे ११ ते २५ होते, त्यांच्यापैकी काहींना नुसत्या गोळ्या दिल्या आणि काहींना गोळ्यांबरोबर किमो दिली. जून २०१८ मध्ये निकाल जाहीर झाला. त्यातल्या बहुतेकींना किमोचा काही उपयोग नव्हता. नुसत्या गोळ्यांवरही त्या तेवढ्याच बऱ्या राहिल्या. पन्नाशीच्या आतल्या काही बायकांना, ज्यांचे गुण १६ च्या पुढे होते, थोडा फायदा दिसला, म्हणून वय आणि गुण दोन्ही पाहून निर्णय घ्यावा लागतो. आज एखाद्या मावशीला डॉक्टर म्हणतात, “तुम्हाला किमोची गरज नाही,” तेव्हा ते या चाचणीच्या बळावर म्हणतात.

औषध कंपनीने ही चाचणी आपल्या खर्चाने केली असती का? औषध कमी वापरा, असा निकाल देणाऱ्या चाचणीत पैसा घालायला बाजाराला कारण नसतं. त्यासाठी सार्वजनिक पैसा लागतो, आणि तिकिटाचा पैसा सार्वजनिक आहे.

आणखी एक गोष्ट सांगतो, तिचा संबंध तिकिटाशी नाही, एनआयएचशी आहे. परळच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलने १९९८ मध्येच, तिकीट आलं त्याच वर्षी, मुंबईच्या वस्त्यांमध्ये एक मोठा प्रयोग सुरू केला. ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखांवर स्त्रिया. प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने स्तन तपासत. मॅमोग्राफीचं यंत्र नाही, वीज नाही, डॉक्टरही नाही. वीस वर्षांनंतर, २०२१ मध्ये आलेल्या निष्कर्षात पन्नाशीपुढच्या बायकांमधले या रोगाचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झालेले दिसले. या कामाला अमेरिकेच्या एनआयएचनेही पैसे दिले होते. तिकिटाचे सेंट तिथे गेले असं मी म्हणत नाही. पण ज्या तिजोरीत आपण ते टाकतो तिचं दार आपल्या आया-मावश्यांच्या दिशेनेही उघडतं, एवढं ध्यानात ठेवा.

असं तिकीट ही काही अमेरिकेची कल्पना नाही. १८९७ साली ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समध्ये राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाला साठ वर्षं झाली, तेव्हा क्षयरोग्यांच्या आश्रमासाठी दोन तिकिटं निघाली. त्यातल्या एकाची टपालाची किंमत एक पेनी आणि विक्रीची किंमत एक शिलिंग, म्हणजे बारा पट! त्या मानाने आपल्याकडे कोणी काही मागतच नाही म्हणायचं. १९३८ मध्ये रेडियमच्या शोधाला चाळीस वर्षं झाली, म्हणून पियर आणि मारी क्यूरी यांचं चित्र असलेली तिकिटं फ्रान्स आणि त्याच्या वसाहतींत कर्करोगाविरुद्धच्या कामासाठी विकली गेली. भारतात १९५० पासून टीबी असोसिएशनचं ‘टीबी सील’ गांधी जयंतीपासून प्रजासत्ताक दिनापर्यंत विकलं जायचं. पाकिटाच्या मागच्या बाजूला चिकटवायची ती चिठ्ठी होती, टपालाला चालणारं तिकीट नव्हे. शाळेत गुरुजी वाटायचे आणि दुसऱ्या दिवशी पैसे आणा म्हणायचे. माझ्या पिढीतल्या अनेकांनी आयुष्यातली पहिली वर्गणी तिथे दिली.

अमेरिकेत २००० साली आणखी एक कायदा झाला. त्याने पोस्टालाच स्वतःच्या अखत्यारीत अशी तिकिटं काढायची मुभा दिली. त्या मार्गाने आलेलं पहिलं तिकीट अल्झायमरचं, ३० नोव्हेंबर २०१७ ला बाल्टिमोरमध्ये निघालं. त्याचे पैसेही एनआयएचला. २ डिसेंबर २०१९ ला युद्धातल्या मानसिक आघातांवरच्या कामासाठी, पीटीएसडीचं, निघालं. त्याचे पैसे माजी सैनिकांच्या खात्याकडे. या मार्गाने कोणालाही प्रस्ताव पाठवता यायचा, तुमच्या-आमच्या मंडळालासुद्धा. पण अट अशी, की केंद्र सरकारच्या एखाद्या खात्याने तो पैसा घ्यायची तयारी लेखी द्यावी. एखाद्या व्यक्तीच्या, एका संस्थेच्या, एका हॉस्पिटलच्या किंवा धर्मसंस्थेच्या नावाने तिकीट निघत नाही. काही जण म्हणतात, मग ब्रेस्ट कॅन्सरचं तिकीटही याच मार्गाने चालवा, वेगळा कायदा कशाला? तर या मार्गाने निघालेल्या तिकिटाला विक्रीची मुदत दोन वर्षांची. शिवाय ही सगळी योजनाच दहा वर्षांची आहे, आणि तिची मोजणी पहिल्या तिकिटापासून सुरू झाली. २०१७ मध्ये दहा मिळवा, म्हणजे कळेल.

आपल्या तिकिटाला आजवर वेळोवेळी मुदतवाढ मिळत आली. आधी दोन-दोन वर्षांची, मग चार-चार वर्षांची, आणि २०१९ च्या अखेरीस एकदम आठ वर्षांची. दरवेळी ती सुरळीत झाली असं नाही. २००३ च्या डिसेंबरअखेर मुदत संपली आणि वाढ मिळायला २००४ चा जानेवारी उजाडला. दरवेळी कोणाला तरी फायली हलवाव्या लागल्या, सह्या गोळा कराव्या लागल्या. सिनेटमध्ये ते काम प्रामुख्याने फाइनस्टाइनबाई करत. २०२३ च्या सप्टेंबरात त्या गेल्या. या वेळी त्यांची पुण्याई कामाला येणार नाही. नव्या कुणाच्या तरी अंगावर हे काम टाकावं लागेल, आणि मतदारसंघातून फोन आल्याशिवाय कोणी ते अंगावर घेत नाही.

यावर हमखास येणारे दोन आक्षेप मला पाठ आहेत. पत्रं लिहितं कोण आता? खरं आहे. पहिल्या दर्जाच्या टपालाचं प्रमाण २००१ च्या शिखरावरून आज निम्म्याहूनही खाली आलं आहे. पण तुमच्या घरातून वर्षाला एकही पाकीट जात नाही का? लग्नपत्रिका, मुंजीचं आमंत्रण, बारशाची कार्डं, टॅक्सचे चेक, घरमालकाचं भाडं, सोसायटीचे कागद, नाताळची ग्रीटिंग्ज... दुसरा आक्षेप जास्त वजनाचा: काही सेंटांपेक्षा थेट शंभर डॉलरची देणगी का देऊ नये? जरूर द्या, आजच द्या. पण शंभर डॉलर एकदा दिले की विषय डोक्यातून जातो. तिकीट प्रत्येक पाकिटावरून कोणाच्या ना कोणाच्या हातात जातं, आणि पुढचा माणूस विचारतो, हे काय आहे? शिवाय ऑक्टोबर महिन्यात दुकानं गुलाबी होतात तेव्हा त्या मगातला, त्या टी-शर्टातला किती वाटा कुठे जातो ते शोधत बसा. इथे वाटा कायद्याने छापला आहे.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते सांगतो.

पोस्टात जा आणि मागा. समोर भिंतीवर झेंड्याची, फुलांची, सणांची तिकिटं टांगलेली असतात, त्यांत हे बहुधा दिसणार नाही. परवा मी मागितलं तेव्हा क्लार्कने आधी “संपलं असेल” म्हटलं, मग एक खण उघडला, मग दुसरा, आणि रबरबँडमध्ये बांधलेल्या गठ्ठ्याच्या तळाशी वीस तिकिटांचं पान सापडलं. मागची बाई म्हणाली, मलाही द्या. त्या एका पानावर गिऱ्हाईक वाढलं. नसेल तर मागवून ठेवायला सांगा. पोस्टाच्या ऑनलाइन दुकानातही ते मिळतं. पण मागणी काउंटरवर नोंदली जाणं जास्त कामाचं.

गठ्ठे साठवून ठेवू नका. हे ‘फॉरएव्हर’ तिकीट नाही. तुम्ही घेतलं त्या दिवशीचा साधा दर हेच त्याचं टपालमूल्य. पुढे दर वाढला तर फरकाचं तिकीट वर लावावं लागेल, आणि वर्गणीचे सेंट त्या फरकात धरले जात नाहीत. लागतील तेवढी घ्या, वापरा, पुन्हा घ्या.

लग्नघरांसाठी खास सूचना. हे तिकीट एका औंसापर्यंतच्या साध्या पत्राचं. आपल्या पत्रिका चौकोनी असतात, वर उठावाचा गणपती, आत अक्षतांची पुडी, त्यामुळे पाकीट यंत्रातून जात नाही आणि जादा आकार लागतो. आधी एक पत्रिका पोस्टात वजन करून घ्या. मग कर्करोगाचं तिकीट आणि शेजारी फरकाचं तिकीट लावा. परत आलेल्या पत्रिकांनी रुसवेफुगवे होतात, आणि त्याचा दोष या तिकिटावर यायला नको.

महाराष्ट्र मंडळांच्या कार्यकारिणीला विनंती. तुमचा अंक बल्कच्या परमिटवर जात असेल तर त्याला तिकीट लागत नाही, ते मला माहीत आहे. पण देणगीदारांना आभाराची पत्रं जातात, ज्येष्ठ सभासदांना छापील निमंत्रणं जातात, वक्त्यांना मानधनाचे चेक जातात. त्यांवर हे तिकीट लावायचा ठराव पुढच्या बैठकीत करा. दोन मिनिटांचं काम आहे. दिवाळीच्या कार्यक्रमात सभागृहाबाहेर एक टेबल मांडा, तिथे पोस्टकार्डं, पेन आणि तिकिटाचं पान ठेवा. येणाऱ्याने आपल्या प्रतिनिधीला दोन ओळी लिहाव्यात आणि तिथेच टाकाव्यात. मुलांना त्या टेबलावर बसवा, त्यांचं इंग्रजी आपल्यापेक्षा नेटकं असतं.

आणि फोन. कॅपिटॉलचा स्विचबोर्ड २०२-२२४-३१२१. राज्य सांगितलं की सिनेटरच्या ऑफिसला जोडून देतात, आणि झिप कोड सांगितला की तुमच्या काँग्रेस-प्रतिनिधीच्या ऑफिसला. तिकडून एखादा विशीतला मुलगा किंवा मुलगी बोलेल. घाबरायचं कारण नाही. ब्रेस्ट कॅन्सर रिसर्च स्टॅम्पची मुदत २०२७ च्या अखेरीस संपते, ती वाढवणाऱ्या विधेयकाला साहेबांचं किंवा बाईंचं नाव जोडलं आहे का, एवढंच विचारा. नसेल तर जोडा म्हणून सांगा. ७०-३० ची वाटणी आणि सरकारी निधी न कापण्याचं कलम, दोन्ही जसंच्या तसं राहायला हवं, हेही न विसरता सांगा, कारण मुदत वाढवताना कलमं पातळ करणं सोपं असतं. एक काँग्रेस संपली की तिच्यातली न मंजूर झालेली विधेयकं तिच्याबरोबर मरतात, नव्या काँग्रेसमध्ये सगळं पहिल्यापासून. ज्यांनी या वर्षी फोन केला त्यांनी पुढच्या वर्षीही करावा. ग्रीन कार्डवाल्यांनीही करावा. मत देता येत नसलं तरी तुम्ही त्या मतदारसंघात राहता, कर भरता, आणि ऑफिसला तुमचं ऐकावं लागतं. फोन लागल्यावर आधी नाव आणि झिप कोड सांगा, म्हणजे तुमचं म्हणणं त्या मतदारसंघाच्या नावावर नोंदलं जाईल.